घर कुणाचं, लेकरू कुणाचं



ताराबाई शिंदे यांच्या स्मरणार्थ बुलढाण्यात बोलायचं म्हटलं की प्रत्येक वक्ता त्यांच्या रागापासून सुरुवात करतो. ते बरोबरच आहे. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. इथे बुलढाण्यात बसून ताराबाईंनी त्याला उत्तर लिहिलं. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे ते पुस्तक 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून निघालं. प्रती 500, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून त्यांची पाठराखण केली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा लोकांसमोर आणलं.

मी कौटुंबिक दावे चालवणारी वकील आहे. त्यामुळे मला ताराबाईंच्या रागाइतकाच त्यांचा पत्ता महत्त्वाचा वाटतो. हे पुस्तक लिहिताना त्या कुणाच्या घरात राहत होत्या? वडिलांच्या. बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक विचारांचे होते. मुलगी एकुलती, लाडकी. तिचं लग्न करून दिलं ते जावयाला घरी आणून. पतीबद्दल, सासरबद्दल, धर्मशास्त्रं लिहिणाऱ्यांबद्दल ताराबाई जे लिहून गेल्या, ते लिहिल्यावर त्यांना “निघ माझ्या घरातून” म्हणू शकेल असा माणूस त्या घरात नव्हता. त्यांची बुद्धी त्यांची स्वतःची होती, धैर्यही त्यांचंच. पण त्या धैर्याला पाठ टेकायला एक भिंत होती, आणि ती भिंत सासऱ्याची नव्हती. माझं हे वाचन कुणाला फार वकिली वाटेल. मला ते खरं वाटतं.

त्याच दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे, दादाजी भिकाजीकडे, नांदायला जाईना. 1884 मध्ये त्यानं दावा लावला. सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर 1888 मध्ये दादाजीला 2000 रुपये मिळून प्रकरण मिटलं. त्या विलायतेला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेत, राजकोटला रुग्णालयं चालवली. हे सगळं आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्यांच्या कैफियतीतला एक मुद्दा मात्र फारसा कुणी सांगत नाही. नवऱ्याकडे न जाण्याची जी कारणं त्यांनी मांडली त्यांत त्याची तब्येत होती, तो ज्या मामाच्या आश्रयानं राहत होता त्याची चालचलणूक होती, आणि बायकोला राहायला नीट घर देण्याची त्याची ऐपत नाही, हेही होतं. नांदायला बोलावतोस, तर कुठे? हा प्रश्न मुंबईच्या हायकोर्टात तेव्हाच विचारला गेला होता. आणि तो विचारता आला, कारण रखमाबाईंना सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांचं घर होतं, शिवाय आईनं पुनर्विवाहाच्या वेळी त्यांच्या नावे केलेली वडिलांची इस्टेट होती.

आजचा माझा विषय हाच. नवराबायको वेगळे होतात तेव्हा घर आणि लेकरू यांचं काय होतं? कायद्यात हे दोन प्रश्न वेगळ्या कलमांत, पुष्कळदा वेगळ्या कोर्टांत बसतात. बाईच्या आयुष्यात तो एकच प्रश्न असतो. जिचं छप्पर गेलं तिचं लेकरूही हातातून निसटतं, आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच निसटतं. वकील नेमला जातो तोवर निम्मा निकाल लागून गेलेला असतो.

आपल्याकडे नवराबायको वेगळे कसे होतात ते आठवा. नोटीस देऊन, तारीख ठरवून कुणी वेगळं होत नाही. दिवाळीला मुलगी माहेरी येते आणि नंतर तिला न्यायला कुणी येत नाही. पहिल्या बाळंतपणाला येते, बारशाला सासरचं कुणी फिरकत नाही, फोन उचलला जात नाही. किंवा एका रात्री भांडण विकोपाला जातं, सासरा तिच्या बापाला फोन करतो, “तुमची पोरगी घेऊन जा,” आणि बाप भाड्याची गाडी करून तिला आणतो. मग बैठका सुरू होतात. पंच येतात, मामा येतात, चहा होतो. “थोडं धीरानं घ्या, संसार मोडायला वेळ लागत नाही.” बापाची आशा सुटत नाही. कोर्टात गेलो तर पोरीचं नांदणं कायमचं तुटेल म्हणून तो सहा महिने, वर्ष थांबतो.

तोवर तिकडे काय होतं? तिच्या खोलीत दिराचा संसार लागतो. तिची भांडी माळ्यावर जातात. शिधापत्रिका सासऱ्याच्या नावावर. तिला माहेरच्या कार्डात नाव घालायचं तर तिकडून नाव कमी केल्याचा दाखला लागतो आणि तो कुणी देत नाही, म्हणजे रेशनही बंद. मूल सासरी राहिलं असेल तर त्याचं नाव तिथल्या शाळेत पडतं. वर्षानंतर ती कोर्टात उभी राहते तेव्हा समोरचा वकील शांतपणे म्हणतो, साहेब, बाई स्वतः घर सोडून गेली, मूल इथे रुळलंय, शाळा चालू आहे, त्याला हलवू नये. दर वेळी हाच युक्तिवाद, आणि तो चालतो. न्यायाधीशांना दोष देऊन उपयोग नाही. रुळलेलं मूल उपटू नये हे तत्त्व चुकीचं नाही. पण मूल रुळण्याआधी आई कोर्टात पोचली नाही, ही चूक मात्र आपल्या सगळ्यांची आहे.

आता कायदा काय देतो ते सांगते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 मध्ये झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. मारहाणीचा कायदा म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मते त्याचं हृदय सतराव्या कलमात आहे. ज्या घरात बाई नात्यानं राहिली, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग त्या घरावर तिचं नाव असो वा नसो. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला तिथून काढता येत नाही. एकोणिसाव्या कलमाखाली न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात, घर विकायला किंवा भाड्यानं द्यायला मनाई करू शकतात, किंवा त्याच दर्जाचं दुसरं घर घेऊन द्या, भाडं भरा असा हुकूम देऊ शकतात. मुलाचा तात्पुरता ताबा एकविसाव्या कलमाखाली त्याच अर्जात मागता येतो. घर आणि लेकरू एकत्र मागता येतात ते इथे, म्हणून मी प्रत्येकीला आधी या दारात यायला सांगते. हा कायदा हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सगळ्या बायांना सारखाच आहे. अर्ज ती सध्या राहते त्या ठिकाणीही करता येतो. सासर पुण्याला असो की सुरतेला, मेहकरच्या मुलीला मेहकरलाच अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती तारखा पडतात हे इथे बसलेल्या अनेकींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हा हक्क कागदावर आल्याबरोबर त्याला एक मोठं भोक पडलं होतं. 2006 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं असं ठरवलं की सासूच्या नावावरच्या घरात सुनेला हा हक्क सांगता येणार नाही. आपल्या गावांत तरण्या नवऱ्याच्या नावावर घर असतं कुठे? घर असतं सासऱ्याच्या, सासूच्या, नाहीतर चुलत आजोबाच्या नावावर. म्हणजे जिल्ह्यातल्या बहुतेक सुना एका निकालानं बाहेर पडल्या. जवळजवळ चौदा वर्षं सासरकडचे वकील तो निकाल दाखवत राहिले. 15 ऑक्टोबर 2020 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो चुकीचा ठरवला. सासऱ्याच्या मालकीचं घरही, सून तिथे संसार करून राहिली असेल, तर तिचं सामायिक घर, म्हणजे सतराव्या कलमाचा हक्क सांगता येईल असं घर, ठरू शकतं. म्हाताऱ्या सासूसासऱ्यांच्या शांततेचाही विचार कोर्टानं करायचा, असं त्याच निकालात आहे आणि ते योग्यच आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याचा आधार घेऊन सुनेला घाईनं बाहेर काढायची जी युक्ती निघाली होती, तिलाही सर्वोच्च न्यायालयानं आवर घातला.

कागदावरचा हक्क आणि दोन खणांचं घर यांत मात्र फार अंतर आहे. एका बाईला कोर्टानं सासरच्या घरात एक खोली दिली. हुकूम घेऊन ती पोलिसांसोबत गेली. खोली मिळाली, पण मोरी अंगणाच्या पलीकडे, सासूच्या ताब्यात. नळाची तोटी काढून ठेवलेली. लाइटचं बटन सासऱ्याच्या खोलीत. संध्याकाळी सात वाजता लाइट बंद. ती तीन दगडांची चूल मांडून मुलासाठी खिचडी शिजवत होती आणि ओट्यावर बसलेले दीर-जाऊ एक शब्द बोलत नव्हते. हुकुमाचं तंतोतंत पालन! तेव्हापासून अर्ज लिहिताना मी खोलीपुढे पाणी, वीज, मोरी, संडास, येण्याजाण्याची वाट, सगळं एकेक करून लिहिते. या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना म्हणते, पाहणीला जाल तेव्हा नळ उघडून पाहा. या हक्काला गावात अर्थ आणायचा असेल तर तो असाच तोटीपर्यंत न्यावा लागतो.

आता मुलांकडे येते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 चा. त्याचं सहावं कलम आजही बापाला पहिला नैसर्गिक पालक मानतं आणि त्याच्यानंतर आईला. याच कलमाला लेखिका गीता हरिहरन यांनी आव्हान दिलं. मुलासाठी रोखे घेताना आईची सही चालेना, एवढ्यावरून तो खटला उभा राहिला. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाप हयात असतानाही, तो मुलाकडे बघत नसेल तर, आई पालक ठरते. कलम मात्र तसंच राहिलं. त्याच कलमात पुढे आहे की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं. गोव्यातल्या एका प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी स्पष्ट केलं. एवढ्या लहान मुलाची आई लायक आहे हे तिनं सिद्ध करायचं नाही, ती नालायक आहे असं म्हणणाऱ्या बापानं ते सिद्ध करायचं. पाच वर्षांनंतर सगळा भर मुलाच्या हितावर. मूल समजतं झालं असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये घेऊन विचारतात. तिहेरी तलाक दिला गेलेल्या मुस्लिम आईला अज्ञान मुलांचा ताबा मागण्याचा हक्क 2019 च्या कायद्यातही लिहिलेला आहे.

एक अडचण इथे नीट समजून घ्या. पालकत्वाचा अर्ज 1890 च्या कायद्याखाली करायचा तर मूल जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात करावा लागतो. आई नांदुऱ्याला, मूल नाशकाला, तर तारखांना नाशिक. मुक्काम कुठे करायचा, सोबत कोण येणार, मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून म्हणते, घर सुटायची वेळ आलीच तर लेकरू मागे ठेवून येऊ नका. “आत्ता तू एकटी चल, पोराचं नंतर बघू,” असं जो भाऊ म्हणतो तो वाईट नसतो, घाबरलेला असतो. पण त्या ‘नंतर’ची किंमत बहीण मोजते.

लोणार तालुक्यातली एक बाई अशीच एकटी आली होती. कॅरीबॅगमध्ये लग्नपत्रिका, दोन फोटो आणि मुलाचं लसीकरणाचं कार्ड. मी सवयीनं खावटीचा अर्ज काढला, नवऱ्याचा पगार विचारला. तिनं माझा हात धरला. “मॅडम, मले खावटी नाई पाह्यजे. मले माहं लेकरू पाह्यजे.” मी म्हटलं, बाई, लेकरू मागायचं तर कोर्ट विचारेल ते ठेवणार कुठे, खाऊ काय घालणार. खावटी आणि घर हे लेकरासाठीच मागायचं असतं. तिला ते पटलं नाही. पैसे मागितले तर लोक म्हणतील पैशासाठी केलं, एवढाच विचार तिच्या मनात होता. अशा किती बाया केवळ इज्जतीच्या भीतीनं निम्मा हक्क आधीच सोडून देतात! पोटगी मागणं म्हणजे भीक मागणं नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता शपथेवर उघड करायची. नवऱ्यानं “मी बेरोजगार आहे” म्हटलं की विषय संपतो, ते दिवस कायद्यानं तरी संपवले आहेत.

बापांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. पोरावर जीव असलेले बाप मी पाहिले आहेत. दर दुसऱ्या शनिवारी कोर्टाच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, पोलिसांची जीप आणि झेरॉक्सची गाडी यांच्या मधे उभं राहून तासभर मुलाशी बोलायचं. हातात चॉकलेट. मूल आजोबांच्या पायामागे लपतं, कारण घरी त्याला काय सांगितलं गेलंय ते त्यालाच ठाऊक. हा त्या बापावर अन्याय आहे, आणि मुलावर त्याहून मोठा. आईला ताबा मिळाला म्हणजे बाप संपला असं मानणाऱ्या आयांना मी तोंडावर सांगते, असं करू नका. पण हेही पाहा, की वेगळं होताना बाप स्वतःच्या घरातच असतो. त्याला लढायचं असतं ते भेटीसाठी. आईला आधी लढावं लागतं ते निजायच्या जागेसाठी.

मग माहेर? माहेर आहे ना, असं सगळे म्हणतात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात तेविसावं कलम होतं. बापाच्या राहत्या घरात मुलगी राहू शकते, पण ती अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. हिस्सा मागायचा नाही, भावांनी वाटणी केली तर मिळेल. म्हणजे माहेरचं छप्पर तिला मिळायचं ते दुःखाच्या दाखल्यावर. 2005 च्या दुरुस्तीनं ते कलम रद्द झालं आणि मुलगी मुलाइतकीच वडिलोपार्जित मालमत्तेची हिस्सेदार झाली. महाराष्ट्रानं तर 1994 मध्येच हे पाऊल टाकलं होतं, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली त्यात धरल्या नव्हत्या.

कायदा झाला आणि दुसऱ्या बाजूनं हक्कसोड वाढली. बाप गेला की तेराव्याच्या आत-बाहेर बहिणींना तालुक्याला नेतात, दुय्यम निबंधकाकडे अंगठे, सह्या होतात, परतताना साडी मिळते. बहीण आनंदानं सही करते. भाऊ तुटू नये, माहेर राहावं, दिवाळीला कुणीतरी न्यायला यावं. तिला वाटतं तिनं माहेर राखलं. पुढे तिच्यावर घर सोडायची वेळ येते आणि त्याच भावाच्या दारात ती पाहुणी म्हणून उभी राहते. वहिनीचा चेहरा उतरतो. वहिनीचंही चुकत नाही. तिलाही तिच्या माहेरी हीच सही करावी लागलेली असते.

या प्रश्नावर महाराष्ट्रात काहीच झालं नाही असं नाही. संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये परित्यक्ता स्त्रियांची परिषद घेतली. तोवर ‘टाकलेली’ म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या बाया तिथे स्वतः व्यासपीठावर बोलल्या. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचं चांदवडचं महिला अधिवेशन 1986 मधलं. त्याच चळवळीतून पुढे लक्ष्मीमुक्तीचं अभियान निघालं. शेतकऱ्यानं राजीखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. 1992 मध्ये सरकारनंही त्यासाठी परिपत्रक काढून फेरफाराची वाट सोपी केली. आपल्या जिल्ह्यात संघटनेचा बिल्ला छातीवर लावलेली माणसं आजही भेटतात. त्यांना मी विचारते, त्या सातबाऱ्यांचं पुढे काय झालं? 2003 मध्ये ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढलं की गावठाणातलं घर नवराबायको दोघांच्या नावे ग्रामपंचायतीच्या नमुना आठला लावावं. पंतप्रधान आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल तर दोघांच्या किंवा एकट्या बाईच्या नावे मंजूर करायचं असा नियम आहे. कोर्टात मी घरकुलाचा असा कागद ठेवते तेव्हा सासरच्या वकिलाचा आवाज खाली येतो. सतरावं कलम समजावून सांगावं लागतं. नमुना आठवरचं नाव समजावून सांगावं लागत नाही.

गोव्यात तर वेगळंच आहे. पोर्तुगीज काळापासून तिथे लग्नाबरोबर मालमत्ता सामायिक होते, वेगळा करार केला नसेल तर निम्मी बायकोची. आपल्याकडे संसारात मिळवलेल्या घरावर बायकोला मालकीचा असा हक्क नाही. 2013 मध्ये राज्यसभेनं एक विधेयक मंजूर केलं होतं, घटस्फोटात नवऱ्याच्या राहत्या घरात बायकोला वाटा देणारं. लोकसभेची मुदत संपली आणि ते बुडालं. त्यानंतर कुणी ते जोर लावून वर काढलं नाही. मला याची फार खंत आहे.

सिंदखेडराजाला बारा जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीसाठी जिल्हा लोटतो. जिजाऊंनी शिवबांना घडवलं ते पुण्याच्या जहागिरीत, शहाजीराजे दूर कर्नाटकात असताना. त्यांना कुणी टाकलं नव्हतं आणि ती तुलना मी करत नाही. पण आईच्या हाताखाली मूल घडतं हे ज्या मातीनं जगाला सांगितलं, त्याच मातीत कोर्टाच्या पायरीवर “एकटी बाई पोराला काय वळण लावणार” हे वाक्य मला ऐकावं लागतं. ते म्हणणारा अनेकदा त्याच जयंतीच्या मिरवणुकीतून आलेला असतो.

आयोजकांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून कामाचं सांगून थांबते. ज्या घरात असा पेच उभा राहिला आहे त्यांनी लग्नपत्रिका, फोटो, मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचे कागद यांच्या प्रती घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवाव्यात. स्त्रीधनाची यादी करावी, ती साध्या वहीत असली तरी चालते. बैठक घ्यायची तर जरूर घ्या, पण अर्ज आधी दाखल करा. दाखल झालेल्या अर्जावर समेट होतो, आणि बरेचदा बरा होतो. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका समित्या मोफत वकील देतात, आणि 1987 च्या कायद्यानं त्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे, सोमवारी सकाळी उघडतं.